पोहायला शिकवताना या चुका टाळा

शिकणारा पाण्यात उतरला की काठावरून पहिली सूचना येते, "हात मार, पाय मार!" मूल असो की पन्नाशीतला माणूस, तो जिवाच्या आकांताने हातपाय मारतो, चार-पाच मीटर जातो आणि धापा टाकत कठडा पकडतो. मग सगळे म्हणतात, सराव कमी पडतोय. खरं तर सराव भलत्याच गोष्टीचा चाललेला असतो. तोंड पाण्यात असताना श्वास सोडता येणं, काही न करता तरंगता येणं आणि मनात येईल तेव्हा पाय टेकून उभं राहता येणं, या तिन्हींमुळे पाण्यात धीर येतो. आधी एवढं पक्कं करा. स्ट्रोक, म्हणजे हातपाय मारायच्या ठरावीक पद्धती, त्यानंतर शिकवले तर पटकन जमतात.

ढकलून देणं

"ढकलून द्या, आपोआप येईल" हा सल्ला अजून दिला जातो आणि मला तो ऐकवत नाही. ढकलल्यावर काही जण खरंच पोहायला शिकतात आणि पुढे ते कौतुकाने सांगतात. जे पुन्हा पाण्याकडे फिरकलेच नाहीत, ते सांगायला येत नाहीत. मोठेपणी शिकायला आलेल्या माणसाला भीतीचं कारण विचारा. पुष्कळदा असाच प्रसंग निघतो: कोणीतरी गंमत म्हणून ढकललं आणि नाकातोंडात पाणी गेलं. घाबरल्यावर शरीर ताठ होतं, मान वर जाते, श्वास भरभर आणि वरवर चालतो. तरंगायला नेमकं याच्या उलट हवं असतं.

मुलाला पायरीवर किंवा उथळ बाजूला बसवा. स्वतःच्या हाताने त्याला तोंडावर पाणी घेऊ द्या, मग हनुवटी पाण्यात, मग ओठ, मग पूर्ण चेहरा. कुठल्या पायरीवर किती थांबायचं ते त्याला ठरवू द्या. एक गोष्ट काटेकोर पाळा: "सोडणार नाही" म्हणालात तर हात सोडू नका. सोडायचं असेल तर आधी सांगा, "तीन म्हटलं की सोडते." एकदा फसवलेलं मूल पुढे कितीतरी दिवस तुमचा हात घट्ट धरून ठेवतं.

मोठ्यांनाही याच पायऱ्या लागतात, फक्त त्यांना कारण सांगावं लागतं. "एवढीशी पोरं पोहतात, तुम्ही काय घाबरता" हे वाक्य मात्र कायमचं बंद करा.

"श्वास रोखून धर"

पहिल्या दिवशी क्षणभर चेहरा बुडवायला हे ठीक आहे. पण तीच सवय लागली की शिकणारा अडकतो. श्वास रोखल्यावर जो गुदमरल्यासारखा त्रास होतो, तो मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन तेव्हा पुष्कळ शिल्लक असतो. रोखलेला श्वास घेऊन डोकं वर काढलं की तेवढ्याशा वेळात तो सोडायचाही असतो आणि नवा घ्यायचाही असतो. दोन्ही अर्धवट होतात. चार-पाच वेळा असं झालं की धाप लागते आणि माणूस समजतो की आपला स्टॅमिना कमी आहे.

म्हणून तोंड पाण्यात गेल्याबरोबर नाकातून सावकाश हवा सोडायला शिकवा. जमत नसेल तर ओठ मिटून "हूंऽऽ" असा सूर धरायला सांगा. हवा आपोआप नाकातून बाहेर पडते आणि पाणी नाकात शिरत नाही. कठडा धरून बुडबुडे सोडायचे, वर येऊन तोंडाने श्वास घ्यायचा, पुन्हा खाली जायचं. घाई न होता, एका लयीत हे दहा-पंधरा वेळा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे दम लागल्याची तक्रार आली, तर सगळ्यात आधी इथेच परत या.

यातच एक सक्त मनाई. "पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो" अशी शर्यत मुलांना लावू देऊ नका. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्रास उशिरा जाणवतो आणि चांगला पोहणाराही पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो.

उभं राहायला न शिकवणं

ही चूक फार क्वचित कोणाच्या लक्षात येते. कमरेएवढ्या पाण्यात पालथा तरंगणारा मोठा माणूस घाबरतो, कारण पाय खाली कसे आणायचे हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. तो आधी मान वर झटकतो, पाय मागेच राहतात, आणि गटांगळी खातो. क्रम असा हवा: गुडघे छातीकडे ओढायचे, पुढे पसरलेल्या हातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला टेकले की शेवटी डोकं वर. उताणं असताना हनुवटी छातीकडे आणायची, बसल्यासारखं कंबरेत वाकायचं आणि हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं. तरंगायला शिकवण्याआधी हे धरून धरून करून घ्या. परतीची वाट माहीत झाली की माणूस आपणहून सैल सोडतो. हा बदल मोठ्यांमध्ये इतका पटकन दिसतो की मी हा भाग कधीच घाईने उरकत नाही.

पाय बुडतात

बहुतेक वेळा दोष पायांचा नसून मानेचा असतो. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते आणि शरीर तिच्याभोवती सी-सॉसारखं झुकतं. डोकं वर गेलं की पाय खाली. नजर सरळ तळाकडे ठेवायला सांगा. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पोहत आळीपाळीने हात मारताना, श्वासासाठी चेहरा समोर उचलू नये, अंगासकट कुशीवर वळावं. गॉगलची एक काच पाण्यात राहिली तर वळण बरोबर झालं.

मात्र सडपातळ, पिळदार शरीराच्या माणसाचे पाय सगळं बरोबर करूनही खाली जातात, कारण स्नायू पाण्यापेक्षा जड असतात. त्याला "सैल सोड" असं सांगत राहण्यात अर्थ नाही. हात डोक्याच्या वर लांब करायला लावा आणि पाय हलकेच हलवत ठेवू द्या.

पाय मारताना गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखी हालचाल होत असेल तर ती मांडीपासून सुरू करायला शिकवा, पावलं सैल आणि मागे ताणलेली. घोटे कडक असलेल्या मोठ्यांनी पाण्याबाहेरही घोट्यांचा व्यायाम करावा.

हवेच्या पट्ट्या आणि थंडी

दंडावरच्या हवेच्या पट्ट्यांनी मूल पाण्यात उभं लटकतं आणि तीच स्थिती त्याला पोहण्याची वाटू लागते. शिवाय त्या निसटतात, फुटतात. जीवरक्षक साधन म्हणून त्यांच्यावर कधीच विसंबू नका. किकबोर्डही (हातात धरून पाय मारायची तरंगती फळी) थोडाच वेळ द्या.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेतं आणि लहान मुलं लवकर गारठतात. ओठ निळे पडले किंवा दात वाजू लागले की शिकवणं थांबवा. कुडकुडणारं मूल काही शिकत नाही. लहानांना अर्धा तास पुरे. आठवड्यातून एकदा लांबलचक वर्ग घेण्यापेक्षा दोन-तीनदा थोडं थोडं शिकवणं कधीही चांगलं.

धीर आला म्हणून नजर काढणं

सगळ्यात धोक्याचा काळ हाच. मूल नुकतंच तलावाची रुंदी पार करू लागलेलं असतं, घरचे निर्धास्त होतात आणि काठावर फोन बाहेर निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभर सुमारे 3 लाख लोक बुडून दगावले. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, कारण श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? लहान मूल पाण्यात असेल तर हात पोचेल इतक्या अंतरावर राहा.

तलावात येणारं पोहणं नदीत किंवा समुद्रात तसंच येईल असं धरू नका. 15 अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यावर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. अशा वेळी आधी उताणं तरंगायचं, एक-दोन मिनिटांत श्वास ताब्यात येतो, मग पोहायचं. हे मुलांना तोंडपाठ हवं.

आता येतं का, हे ठरवायला अमेरिकन रेड क्रॉसची कसोटी मला योग्य वाटते: डोक्यावरून जाणाऱ्या खोल पाण्यात उतरून वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा जागच्या जागी पाणी तुडवत राहणं, पूर्ण गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथवर 25 यार्ड, म्हणजे सुमारे 23 मीटर पोहणं, आणि शिडीशिवाय बाहेर येणं. पाचही गोष्टी न थांबता, एकापाठोपाठ. शिकवणाऱ्याने पाण्यात, हाताच्या अंतरावर राहून ती घ्यावी, आणि जिथे अडलं तिथून पुढचा धडा सुरू करावा.