बोटीवर राहताय? एसी घेण्याआधी पाण्याचं तापमान बघा

थंड आणि गरम दोन्ही हवा देणारा मरीन एसी सोयीचा वाटतो. पण हिवाळ्यात तो बोटीखालच्या पाण्यातूनच उष्णता ओढतो. पाणी साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून जानेवारीत, बोट जिथे बांधता तिथेच, थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा. आकडा ८-१०च्या वर राहत असेल तर हा एसी चालेल. धक्क्यावर वीज किती अँपिअर मिळते तेवढं विचारा. पाणी ८ अंशांहून थंड असेल, इंग्लंडच्या कालव्यांसारखं, तर डिझेल हीटर किंवा लाकूड-कोळशाची शेगडीच बरी. एसीचा समुद्रपाण्याचा गाळणा मात्र अधूनमधून साफ करा, शेवाळ अडकतं.

शेगडी वा हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.