हॉलमधला कॉलम सजवताय? या चुका टाळा

हॉलच्या कोपऱ्यात चार इंच पुढे आलेला किंवा थेट मधोमध उभा असलेला आरसीसी कॉलम बहुतेकांच्या डोळ्यांत खुपतो. नकाशात तो छोटासा काळा चौकोन असतो, ताबा घेतल्यावर कळतं की सोफा त्याच्यामुळेच अडतोय. मग सुतार येतो, ‘प्लायचं बॉक्सिंग करू, वरून फ्ल्यूटेड (उभ्या खाचांचं) पॅनल मारू’ म्हणतो आणि दोन-तीन दिवसांत खांब दिसेनासा होतो. काम देखणं होतं, त्यात शंका नाही. पण या कामात ज्या चुका होतात त्या एरवीच्या फर्निचरमधल्या चुकांसारख्या नसतात. वॉर्डरोबचं दार लटकलं तर दार बदलता येतं. खांब अख्ख्या इमारतीचा असतो, तुमच्या एकट्याचा नाही. म्हणून एक गोष्ट धरून चालावी: आवरण खांबाभोवती स्वतःच्या पायावर उभं राहावं, खांबाला इजा करू नये आणि लागेल तेव्हा उघडता यावं. खालच्या बहुतेक चुका यातलं काहीतरी विसरल्यामुळेच होतात.

खांब न तपासताच झाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बॉक्सिंग करण्याआधी अर्धा तास खांबाला द्या. हातोडीच्या दांड्याने किंवा नाण्याने खालपासून वरपर्यंत चारही बाजू वाजवून बघा. भरीव ‘टक’ आवाज आला तर ठीक, ‘डब’ असा पोकळ आवाज आला तर तिथे प्लास्टर तरी सुटलंय किंवा आतलं काँक्रीट तरी. कोपऱ्याजवळून उभी, सरळ रेषेत जाणारी चीर दिसली तर जास्त सावध व्हा. उभ्या सळया कोपऱ्यातच असतात आणि सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो आतून काँक्रीट ढकलतो, म्हणून चीर सळईच्या रेषेतच पडते. सोबत तपकिरी डाग ओघळलेला असेल तर फार शंका उरत नाही. प्लास्टरच्या साध्या चिरा वेड्यावाकड्या, जाळीसारख्या असतात. हा फरक डोळ्यांना सरावाने कळतो.

अशा खांबावर लांबी (पुट्टी) भरून किंवा पीओपीचा थर देऊन प्लाय ठोकणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. सुटलेलं काँक्रीट काढणं, सळईवरचा गंज साफ करणं, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीटने खांब भरणं, गरज पडली तर टेकू देऊन जॅकेटिंग (खांबाभोवती नवा मजबूत थर) करणं, हे सगळं त्याच्या देखरेखीखालीच व्हावं. सजावट नंतर.

ओल बघायची सोपी पद्धत आहे. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा खांबाला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल खांबातून येतेय. बाथरूम किंवा डक्टच्या शेजारचा खांब असेल तर ही परीक्षा चुकवू नका. आधी गळती शोधा, पाणी थांबवा, खांब वाळू द्या.

जागा मिळवायला खांब तासणं

‘पाऊण इंच आत गेलं तर बॉक्स भिंतीच्या रेषेत येईल’ असं मिस्त्री सहज म्हणून जातो. हे ऐकलं की काम तिथेच थांबवा. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार कॉलममधल्या उभ्या सळईवर साधारणपणे किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं. ही जाडी काही उरलेली, फालतू जागा नव्हे. काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळेच आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि समुद्राकाठचा क्षार हळूहळू आत झिरपत असतात, त्यांना सळईपर्यंत पोचायला वेळ लागावा म्हणून हे कव्हर. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात त्यातला पाव इंच काढणं म्हणजे खांबाचं आयुष्य कमी करणं. शिवाय उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा त्याहूनही बाहेरच्या बाजूला असतात. ब्रेकर लावला की आधी त्याच लागतात.

घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आपल्या घरातल्या खांबावर वरच्या सगळ्या मजल्यांचा भार येतो, हे काम सांगताना विसरू नका.

ड्रिलचंही तसंच. पॅनलसाठी दर फुटावर गट्टी मारायची गरज नसते. दोन बाजूंनी इंग्रजी यू आकाराच्या दोन अर्ध्या चौकटी करा, खांबाला मिठी मारल्यासारख्या बसवा आणि एकमेकींना स्क्रूने आवळा. खांबाला एकही भोक न पाडता बॉक्स ताठ उभा राहतो. भोक पाडायचंच असेल तर बिटवर ३५ मिलिमीटरवर टेप गुंडाळा आणि तिथे थांबा. मध्येच लोखंड लागलं तर जोर करू नका, भोक बुजवून दोन इंच सरका.

माप खांबाचं घेणं, बॉक्सचं नाही

शटरिंग थोडं फुगलेलं, प्लास्टर कुठे जाड कुठे पातळ, त्यामुळे गुण्यात, म्हणजे अगदी सरळ आणि काटकोनात, असलेला खांब क्वचितच सापडतो. एका उंचीवर टेप लावून माप घेतलं की हमखास फसगत होते. खाली, मध्ये आणि वर अशी तीन मापं प्रत्येक बाजूची घ्या. मग चारही बाजूंना ओळंबा सोडा आणि खांबाचा सर्वांत पुढे आलेला बिंदू शोधा. त्या बिंदूंना धरून फरशीवर काटकोनी चौकट आखा, तीच ओळंब्याने छतावर न्या आणि फ्रेम या चौकटीवर उभी करा. खांब आणि फ्रेममधलं कमी-जास्त अंतर पॅकिंगने भरा. सुतार घाईत असला की फ्रेम खांबाला चिकटवतो आणि मग तिरकेपणा पॅनलच्या उभ्या रेषांमध्ये उतरतो. फ्ल्यूटेड पॅनलच्या रेषा तर असा दोष लपवत नाहीत, उलट ठळक करून दाखवतात.

बॉक्स झाल्यावर खांब किती जाड होणार, हेही आधी मोजा. २३० बाय ४५० मिलिमीटरच्या खांबाला २५ मिलिमीटरच्या पट्ट्या आणि १२ मिलिमीटर प्लाय लावला की तो ३०४ बाय ५२४ होतो, वर पॅनल लावलं तर आणखी वाढतो. पॅसेजमधल्या खांबाला हे सोसत नाही.

गोल खांबात तर हिशेब आणखी चुकतो. ३०० मिलिमीटर व्यासाच्या खांबाभोवती टेप फिरवला की ९४२ मिलिमीटर येतात आणि माणूस तेवढाच सनमायका कापून आणतो. पण २५ मिलिमीटरच्या कड्या आणि ८ मिलिमीटरचा फ्लेक्सी प्लाय धरला तर बाहेरचा व्यास ३६६ होतो आणि घेर जवळपास ११५०. म्हणजे आठ इंच कमी! फ्लेक्सी प्लाय आडवा वाकणारा आणि उभा वाकणारा असा दोन प्रकारचा मिळतो. दुकानातच वाकवून बघून घ्या.

लाकूड फरशीला टेकवणं

जुन्या वाड्यांमधले लाकडी खांब आठवा. सागवानी खांब जमिनीवर कधी उभा नसायचा, खाली दगडी तळखडा असायचा. जमिनीची ओल दगडात अडायची आणि लाकूड कोरडं राहायचं. पुण्यातल्या विश्रामबाग वाड्यात असे खांब अजून बघायला मिळतात. आज आपण एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेलं) पॅनल थेट टाइलवर टेकवतो आणि रोज दोनदा ओल्या फडक्याने फरशी पुसतो. पहिल्याच पावसाळ्यात खालचे दोन-तीन इंच फुगतात, मग सनमायकाची कड सुटते.

उपाय तळखड्याचाच आहे. खालचे चार इंच ग्रॅनाइट किंवा टाइलचं स्कर्टिंग करा आणि लाकडी भाग त्याच्या वर सुरू करा. आतली फ्रेमसुद्धा फरशीपासून दहा मिलिमीटर उचला. प्लाय घ्यायचा तर बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, आयएस ७१० चा शिक्का बघून, आणि कापलेल्या कडा प्रायमर किंवा सीलर मारून बंद करा. पाणी आत शिरतं ते कडेतूनच, आणि बॉक्सच्या आतली कड रंगवायचा कंटाळा सगळेच करतात. वाळवीचा धोका तळमजल्यावर जास्त. बॉक्सच्या आतली अंधारी, दमट जागा तिच्या मातीच्या नळ्यांना अगदी सोयीची असते. झाकण्याआधी खांबाच्या बुडाची फट भरा आणि वाळवीचं औषध मारून घ्या.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचं मिश्रण) किंवा पीव्हीसी पॅनल पाण्याने फुगत नाही, पण उन्हाने लांबतं. पश्चिमेच्या बाल्कनीत जोड अगदी घट्ट बसवले तर मे महिन्यात पॅनल पोटात फुगून येतं. दोन-तीन मिलिमीटरची फट सोडा.

वर छताला ठासून बसवणं

बॉक्स वरच्या बीमला ठोकून घट्ट बसवू नका. काँक्रीटचा बीम वर्षानुवर्षं थोडाथोडा खाली वाकतो. त्याला खालून प्लाय लागला की पॅनल वाकतं, कोपरे उघडतात. आठ-दहा मिलिमीटरची खाच ठेवा. ती नीट केली तर शोभूनही दिसते.

दगडाचं वजन न मोजणं

२० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतो. वरच्याच २३० बाय ४५० च्या खांबाला तीन मीटर उंचीपर्यंत चारही बाजूंनी लावला तर सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन होतं. ते पेलतं कोण? रंगावर चिकटवलं असेल तर रंगाचा पापुद्रा. गोंद दगडाला पक्का धरतो, पण रंग प्लास्टरला तितका धरत नाही, आणि एक दिवस गोंद-रंगासकट दगड खाली येतो. रंग पूर्ण खरवडून काढा, पोकळ प्लास्टर काढा, दगडाच्या पाठीवरची पावडर धुवा. डोक्याच्या उंचीवर जाणाऱ्या मोठ्या पाट्यांना नुसत्या गोंदावर सोडू नका, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प घ्या. खालून लहान मुलं जातात. पृष्ठभाग खडबडीत करायचा तो प्लास्टरचा, तोही हलक्या हाताने. वर सांगितलेलं कव्हर इथेही लागू आहे.

लोखंडी खांब विटांत किंवा लाकडात गाडणं

फार्महाउसच्या ओसरीला किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला एमएस पाइपचे खांब असतात. त्यांना लाकडी बॉक्स किंवा विटांचा गोल खांब करायची हौस असते. छान दिसतं, पण पाणी आत जातं आणि बेसप्लेटपाशी साचून राहतं. वरून सगळं नवं, आणि बुडाशी पाइप पापुद्र्यांनी सुटत असतो. आधी गंज घासून काढा, रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर आणि वर दोन हात रंग द्या, समुद्राकाठी शक्य तर गॅल्व्हनाइज्ड पाइपच घ्या. बेसप्लेट फरशीच्या वर ठेवा. आवरणाला तळाशी पाणी जायला भोकं आणि वर हवेला वाट असू द्या. बॉक्सच्या पट्ट्या पातळ पाइपला वेल्ड करण्याऐवजी क्लॅम्पने बांधा.

पार्किंगमधल्या खांबांना प्लाय किंवा पीव्हीसी मुळीच नको. तिथे गाड्या आहेत, पेट्रोल आहे, आता चार्जिंगच्या वायरी आहेत. रंगाचे पट्टे आणि कोपऱ्यांना रबरी गार्ड पुरेत.

आवरण आधीच झालंय, आणि काहीतरी बिघडलंय?

खालची कड फुगली असेल तर सगळं तोडू नका. फुगलेला भाग चार-पाच इंच सरळ रेषेत कापा, आत टॉर्च मारून ओल आणि वाळवी बघा, कड सील करा आणि स्कर्टिंग लावा.

४५ अंशातला कोपरा उघडला असेल तर फटीत पुन्हा पुन्हा लांबी भरून उपयोग होत नाही, कारण लाकूड ऋतूप्रमाणे हलतच राहणार. ॲल्युमिनियम किंवा पितळेची एल-पट्टी लावा, कोपरा मारालाही टिकेल.

बॉक्स वरून ठीक असला तरी जवळ गेल्यावर कुबट वास येत असेल तर एक बाजू उघडाच. पॅनलवर तपकिरी डाग उमटला किंवा चिकटवलेल्या टाइलवर उभी सरळ चीर आली तर सुताराच्या आधी इंजिनिअरला बोलवा. हे दुखणं खांबाचंच असण्याची शक्यता मोठी.

एलईडी पट्टीचा ड्रायव्हर बॉक्सच्या आत बंद करून ठेवला असेल तर तो बाहेर काढा किंवा त्याला जाळीचं दार द्या. तो तापतो आणि कधी ना कधी बदलावाच लागतो.

आणि ज्या खांबाला उघडणारी बाजूच नाही, तिथे एक बाजू स्क्रूवर करून घ्या, स्क्रूची डोकी लपवायला टोप्या मिळतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायचं असतं. त्यात काँक्रीटची ताकद तपासायला वापरतात तो रिबाउंड हॅमर उघड्या काँक्रीटवर चालतो, सनमायकावर नाही. काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा आणि झाकण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो मोजायची टेप लावून, तारखेसकट काढून त्यांची एक प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये द्या.