कदमांचं मूळ शोधायचं तर आधी आत्याला गाठा

आम्ही कदम, वाई तालुक्यातले. आडनावाचं मूळ शोधायला निघालो तेव्हा मी थेट राजघराण्यालाच हात घातला. वंशावळ छापून देणाऱ्या एकाला साडेतीन हजार मोजले. त्याने कर्नाटकातल्या बनवासीच्या कदंब या जुन्या राजघराण्यापासून माझ्या आजोबांपर्यंत सगळं सोनेरी चौकटीत बसवून दिलं. मधली हजार वर्षं तीन नावांत उरकलेली! तुम्ही घरापासून मागे जा.

घरातल्या थोरल्या आत्याला इतिहास विचारू नका, लग्नात देवक कसलं बसवतात ते विचारा. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "कळंबाची डहाळी बाळा, दुसरं काय! आन् देवक एक निघालं की सोयरीक न्हाई." कळंब म्हणजेच कदंबाचं झाड. मोऱ्यांकडे मोराचं पीस असतं. देवक, कुलदैवत आणि मूळ गाव, एवढं लिहून घ्या.

मग तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद. जुनी पानं मोडी लिपीत असतात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, म्हणून जाणकार सोबत न्या. माझ्या पणजोबांपुढे 'कुणबी' निघालं, त्यांच्या सख्ख्या भावापुढे 'मराठा'. तिथे वाद घालू नका, दोन्ही नोंदी जशाच्या तशा उतरवा. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर आडनावाच्या आधी गाव सांगा. गाव कळलं की वही सापडते.

राजे सगळ्यात शेवटी. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या ताळगुंद्याला दगडी खांबावर संस्कृत लेख आहे. घराजवळ वाढलेल्या कदंबाच्या झाडाची या राजांचे पूर्वज निगा राखत, म्हणून घराण्याला ते नाव पडलं, असं त्यात कोरलंय. आणि मूळ पुरुष मयूरशर्मा ब्राह्मण! कांचीला वेद शिकायला गेला, तिथल्या पल्लव राजांच्या घोडेस्वाराशी भांडण झालं आणि दर्भ धरायच्या हाताने त्याने तलवार उचलली. चौथ्या शतकातली गोष्ट. शहाण्णव कुळीचा तोरा मिरवणाऱ्या आमच्या चुलत्यांना हे ऐकवलं, तर त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

नाव जुळतं, झाड जुळतं. पण म्हणून रक्त जुळलं असं नाही. गोव्यातही कदंबांचं राज्य होतं, आणि राजाचं नाव त्याच्या पदरच्या माणसांनीही लावलेलं असू शकतं. माझ्या वहीत पणजोबांच्या वडिलांच्या वरचं पान मी कोरंच ठेवलंय.