किट विमानाची ब्रेक लाइन: गॅरेजमधून येणाऱ्यांसाठी

आयटीआय फिटर झालेली किंवा एएमई (विमान देखभालीचं इंजिनिअरिंग) शिकणारी मुलं हल्ली विचारतात, विमानावर प्रत्यक्ष हात चालवायला कुठे मिळेल? नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून तर जास्तच. तिथल्या जेटच्या कामावर सही करायची तर लायसन्स लागतं, आणि त्यात वर्षं जातात. किटमधून जोडायच्या दोन सीटच्या विमानाचं काम मात्र एखाद्या गाळ्यातही चालतं. मी ते रबाळे एमआयडीसीत केलं, ठाण्यात गाड्यांची कामं करून झाल्यावर. माझ्या वाट्याला लँडिंग गिअर, म्हणजे विमानाची चाकं आणि त्यांचे पाय, आणि ब्रेक आले. तेवढ्यापुरतंच लिहितो.

वरवर बघाल तर त्यात फार काही नाही. पेडलवर तेल दाबणारा मास्टर सिलिंडर, तिथून गिअरच्या पायावरून उतरणारी पाव इंची नळी, खाली चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर. गॅरेजवाल्याला वाटतं, हे तर रोजचंच. पण बऱ्याच किट विमानांचं पुढचं चाक नुसतं मोकळं फिरतं, त्याला स्टिअरिंग नसतं. जमिनीवर वळायचं तर डावा किंवा उजवा ब्रेक एकेकटा दाबतात. एका बाजूची लाइन फुटली की थांबणंही गेलं आणि वळणंही.

सगळ्यात आधी फ्लेअर. गाडीच्या नळीचं तोंड ४५ अंशांत फुलवतात, विमानाच्या एएन फिटिंगला (विमानासाठीच्या ठरावीक मापाच्या जोडाला) ३७ अंश लागतात. ४५ चं तोंड तिथे बसल्यासारखं वाटतं, नट फिरतो, घट्टही होतो. पण नळी टेकते ती फक्त एका कडेवर. म्हणून गाडीचं फ्लेअरिंग टूल त्या टेबलावर आणूच नका. आमची नळी ५०५२-ओ अ‍ॅल्युमिनियमची होती, मऊ. कटर थोडा थोडा आवळत कापायची, कापताना कडेला उठलेली धातूची कोर (बर) आतून-बाहेरून काढायची, आणि तोंड फुलवण्याआधी नट आणि स्लीव्ह (नटाखालची छोटी बाही) नळीत ओवायचे. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी फ्लेअर करून झाल्यावर हातात नट घेऊन उभा असलेला नवखा प्रत्येक गाळ्यात सापडतो. तयार तोंड भिंगाखाली धरा. आत ओरखडा किंवा कडेला केसाएवढी चीर दिसली तर तुकडा बाद.

या नळीच्या नटला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, ४० ते ६५ इंच-पाउंड. पान्याची सवय असलेल्या हाताला हे सैलच वाटतं. सांधा पाझरतोय म्हणून आणखी आवळायला जाल तर मऊ तोंड चेपून पातळ होतं. प्रेशर काढा, सांधा सोडवा आणि तोंड बघा. फ्लेअरवर सीलंट लावायचं नाही, तिथे धातूच धातूवर बसतो. कॅलिपरच्या निमुळत्या आट्यांना पेस्ट चालते, तीही टोकाचा आटा सोडून. टेफ्लॉन टेप नको. तिची एक चिंधी सुटून छोट्या भोकात अडकली की ब्रेक सुटतच नाही.

माझ्या मते खरं कसब नळी कुठून न्यायची यात आहे. उतरताना गिअरचा पाय स्प्रिंगसारखा बाहेर फाकतो, आणि पॅड झिजतील तसा कॅलिपर पिनांवर सरकतो. म्हणून दोन फिटिंगमध्ये नळी सरळ ताणून कधीच बसवत नाहीत, वळण ठेवतात. पाव इंची अ‍ॅल्युमिनियमला वळणाची त्रिज्या निदान ९/१६ इंच, आणि वळणावर नळी चपटी झालेली चालत नाही. कॅलिपरपाशी लवचीक होज किंवा नळीचाच एक वेढा. पायाला बांधताना रबर लावलेले क्लॅम्प वापरा. केबल टायखाली नळी थरथरत राहते आणि घासून झिजते. चाकावर फेअरिंग (हवा कापणारं कव्हर) येणार असेल तर ते चढवून बघा, आतून नळीला टेकतंय का.

तेलाच्या बाबतीत वाद नको. आमच्या सिलिंडरमध्ये नायट्राइल रबराच्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या गोल रिंगा) होत्या. त्यांना लाल रंगाचं, ५६०६ नंबरचं मिनरल हायड्रॉलिक तेल लागतं. शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातलं गाडीचं ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४, ग्लायकॉलचं असतं, त्याने या ओ-रिंग फुगून वाया जातात. तुमच्या किटचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा, कारण काही ब्रेकना नेमकं उलटं लागतं.

हवा काढायची पद्धतही गॅरेजच्या उलट. पेडल मारत वरून खाली तेल ढकललं की बुडबुडे वळणांत अडकून राहतात. कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, तेलाच्या पंपाने खालून वर दाबा, पार्किंग ब्रेकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. वर टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत एकाने तिथून नजर हटवायची नाही, नाहीतर लाल तेल थेट सीटवर. मग एक जण पेडल दाबून धरतो आणि दुसरा प्रत्येक सांध्यावर पांढरा टिश्यू पेपर फिरवतो. डोळ्याला न दिसणारा पाझर कागदावर गुलाबी उमटतो. सांधा कोरडा असेल तर नट नंतर हलला तर कळावं म्हणून त्यावर टॉर्कची रंगीत रेघ ओढायची, फोटो काढायचा, बांधणीच्या वहीत नोंद करायची.

पावसाळ्यात खाडीकडच्या हवेने साध्या स्टीलच्या डिस्कवर एका रात्रीत तांबूस थर चढतो. त्याला घाबरू नका, विमान पहिल्यांदा जमिनीवर चालवलं (टॅक्सी) की तो पॅडखाली निघून जातो. मास्टर सिलिंडरचा रॉड मात्र पुसून ठेवा.

काम मागायला जाताना सर्टिफिकेटबरोबर स्वतः केलेले तीन-चार फ्लेअर आणि एक बेंड घेऊन जा. त्यातला एक फ्लेअर नळीसकट उभा कापलेला असू द्या, म्हणजे आतली बाजू समोरच्याला लगेच बघता येते.