मुलाला मानसशास्त्रीय चाचणीला पाठवताय? या चुका टाळा

‘अभ्यासात लक्ष नाही, तपासून घ्यावे.’ शाळेच्या अशा एका ओळीच्या चिठ्ठीवरून मानसशास्त्रज्ञाला काहीच उमगत नाही. अडचण वाचनात आहे, लेखनात की गणितात, कधीपासून आहे, वर्गात काय करून पाहिलं, हे लिहा. सोबत श्रुतलेखनाची आणि मुलाने मनाने लिहिलेली पानं जोडा. फळ्यावरून सुबक उतरवून घेणारं मूल श्रुतलेखनात ‘पाणी’चं ‘पणी’ आणि ‘कमळ’चं ‘कळम’ करत असेल, तर ती दोन पानं शेजारी ठेवली की पुष्कळ कळतं.

चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. सर्दीने कानात दडे बसलेलं मूलही बेफिकीरच वाटतं. मागून हाक मारून बघणं पुरेसं नाही, ऑडिओमेट्रीच, म्हणजे यंत्रावर होणारी श्रवणचाचणी, करा.

गोव्यात सगळ्यात मोठी गफलत भाषेची होते. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यम. पहिल्याच सत्रात गुण घसरले म्हणून लगेच अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचा, शिक्का मारू नका. मुलाला मराठी उतारा वाचायला द्या. तो सरसर वाचत असेल, तर आधी इंग्रजीचा पाया भरा. पण जोडाक्षरांना तो दुसरी-तिसरीपासून अडत असेल, तर माध्यम बदलल्याचं निमित्त सांगून वेळ घालवणं त्याच्यावर अन्याय आहे. चाचणी कोणत्या भाषेत होणार, हे नाव नोंदवतानाच विचारा. न येणाऱ्या भाषेत घेतलेल्या चाचणीत बुद्ध्यांक विनाकारण कमी भरतो.

दहावी तोंडावर येईपर्यंत थांबू नका. आठव्या वर्षाच्या, म्हणजे तिसरीच्या सुमारास या अक्षमतेची चाळणी (प्राथमिक तपासणी) करता येते. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. जादा वेळ किंवा लेखनिक मिळवायचा तर कागदपत्रं लागतात, आणि खासगी अहवाल म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. बोर्डाला नेमकं काय चालतं, हे मुख्याध्यापकांकडून आठवीतच समजून घ्या.

निकाल पटला नाही म्हणून दोन महिन्यांत तीच चाचणी दुसरीकडे करू नका. सरावाने गुण फुगतात. दुसरं मत हवंच असेल, तर जुना अहवाल दाखवा.

चाचणीच्या दिवशी मुलाला ताप असेल तर तारीख बदलून घ्या. पोटभर खाऊ घाला, चष्मा विसरू नका, आणि इंजेक्शन नसतं, कोडी नि प्रश्न असतात, हे आदल्या दिवशीच सांगा.