आरसिंक वापरण्याआधी दिशा आणि तिरपी रेघ तपासा

आरसिंक हा एका फोल्डरची प्रत दुसऱ्या फोल्डरात किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवणारा, टर्मिनलमधून चालवायचा प्रोग्रॅम. तो एकतर्फी काम करतो. आधी लिहिलेला फोल्डर म्हणजे उगम, नंतरचा म्हणजे मुक्काम. तीच फाइल दोन्ही संगणकांवर बदललेली असेल तर तो विचारत बसत नाही, उगमातली प्रत मुक्कामातल्या प्रतीवर लिहून मोकळा होतो. दोन्हीकडे काम चालत असेल तर युनिसन किंवा सिंकथिंग ही दुतर्फी साधनं वापरा. एकीकडे काम आणि दुसरीकडे प्रत एवढंच हवं असेल, तर १९९६ पासून वापरात असलेलं हे साधन पुरेसं आहे.

आरसिंक दोन्ही संगणकांवर असावा लागतो, आणि हेच अनेकदा राहून जातं. वाहतूक एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅममधून होते. एसएसएच-कीजेनने किल्ली तयार करा, एसएसएच-कॉपी-आयडीने ती पलीकडे पाठवा आणि साधं लॉगिन होतंय ना, ते आधी बघा. एसएसएचचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) २२ ऐवजी दुसरा असेल तर -ई 'एसएसएच -पी २२२२' असं जोडायचं.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरं टाका. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. पहिली आज्ञा नेहमी तालमीची:

आरसिंक -एव्हीएनआय लेखन/ सर्व्हर:प्रत/लेखन/

'सर्व्हर' म्हणजे पलीकडच्या संगणकाचं नाव. यातल्या 'एन'मुळे काहीच लिहिलं जात नाही, फक्त काय होईल ते दिसतं. 'ए'मुळे आतले सगळे फोल्डर, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे), परवानग्या आणि वेळा जशाच्या तशा जातात. हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं) मात्र जात नाहीत, त्यासाठी मोठा 'एच' वेगळा द्यावा लागतो. 'आय'मुळे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला फरकाचं कारण येतं: 'एस' म्हणजे आकार वेगळा, 'टी' म्हणजे वेळ वेगळी, 'पी' म्हणजे परवानगी वेगळी. यादी पटली की 'एन' काढून तीच आज्ञा चालवा.

आता उगमाच्या शेवटची तिरपी रेघ. 'लेखन/' म्हणजे फोल्डरच्या आतलं सामान, 'लेखन' म्हणजे सामानासकट फोल्डर. वरच्या आज्ञेत रेघ विसरलात तर पलीकडे 'प्रत/लेखन/लेखन' तयार होतं. हे निस्तरता येतं. खरा घात होतो तो --डिलीट सोबत. हा पर्याय उगमात नसलेल्या फाइली मुक्कामातून पुसतो. 'लेखन' हा फोल्डर 'प्रत/' मध्ये पाठवलात तर पुसापुशी फक्त 'प्रत/लेखन' च्या आत होते. 'लेखन/' पाठवलात तर 'प्रत/' मधले शेजारचे सगळे फोल्डर उडतात. टॅब दाबून नाव पूर्ण केलं की बॅश (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) ही रेघ स्वतःहून लावतो, म्हणून एंटर दाबण्याआधी तिथे नजर टाकाच.

दुसरा धोका बाहेरच्या डिस्कचा. उगमाची डिस्क माउंट झालेली (संगणकाला जोडून उघडलेली) नसेल तर तिच्या जागी रिकामा फोल्डर असतो आणि --डिलीट मुक्कामही इमानदारीने रिकामा करतो. --मॅक्स-डिलीट=५० दिलं की ५० नंतर पुसणं थांबतं आणि निकाल-क्रमांक (आज्ञा संपताना मिळणारा आकडा) २५ मिळतो. त्याहून बरं म्हणजे --बॅकअप आणि --बॅकअप-डिर: पुसलेल्या, बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात जमा होतात. त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग द्या आणि तो मुक्कामाच्या बाहेरचा ठेवा.

काही फाइली पाठवायच्या नसतील तर --एक्सक्लूडने वगळा. अशा फाइली --डिलीटपासूनही वाचतात. वगळताना दिलेल्या '/कॅशे' सारख्या नावातली सुरुवातीची रेघ डिस्कच्या मुळापासून नव्हे, पाठवत असलेल्या फोल्डरपासून मोजली जाते.

फाइल बदलली की नाही हे आरसिंक आकार आणि बदलाची वेळ यांवरून ठरवतो, आतला मजकूर वाचत नाही. त्यामुळे -ए किंवा -टी न देता पाठवलेल्या फाइली पुढच्या वेळी पुन्हा बदललेल्या वाटतात. फॅट स्वरूपाच्या पेनड्राइव्हवर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते, म्हणून तिथे --मॉडिफाय-विंडो=१ द्या. शिवाय तिथे मालक आणि परवानग्या साठवता येत नाहीत, तेव्हा -ए ऐवजी -आरटीव्ही वापरा.

नेटवर्कवरून जाताना मोठ्या फाइलचे फक्त बदललेले तुकडे जातात, पण पलीकडे नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण बांधली जाते आणि मग जुनीची जागा घेते. ४० जीबीची फाइल असेल तर तेवढी मोकळी जागा पलीकडे हवी. लाइन तुटण्याची भीती असेल तर मोठा 'पी' जोडा. अर्धवट आलेला भाग टिकतो आणि प्रगतीही दिसते. 'झेड' दाब देऊन पाठवतो. फोटो-व्हिडिओंना त्याचा जवळपास काहीच फायदा नाही.

अडलं तर निकाल-क्रमांक बघा. २३ म्हणजे काही फाइली गेल्या नाहीत, बहुतेक परवानगीमुळे. २४ म्हणजे काम चालू असताना उगमातली फाइल नाहीशी झाली. चालू ब्राउझरचा फोल्डर पाठवताना हे होतंच, काळजीचं कारण नाही. २५५ आला तर गडबड एसएसएचची आहे. आणि 'इज युअर शेल क्लीन' असा प्रश्न दिसला तर पलीकडच्या बॅशआरसी या बॅशच्या मांडणीच्या फाइलमध्ये लॉगिन होताच काहीतरी छापणारी ओळ आहे, ती काढा.