राजकीय गप्पा माइकवर करताय? या चुका टाळा

चार भिंतींवर गोधड्या टांगलेली खोली, फोनला लावलेला माइक आणि दर गुरुवारी संध्याकाळी राजकारणावर गप्पा. आमचा कार्यक्रम मोबाइलवर ऐकला जातो. आधी मी कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या रेडिओ केंद्रावर होतो. तिथं छोट्या ट्रान्समीटरवरून पऱ्हाटीपासून (म्हणजे कपाशीपासून) भजनापर्यंत सगळं चालायचं, पण राजकीय आशयाला परवानगी नव्हती आणि आजही नाही. म्हणून तिथून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचा आवाज तयार असतो, मशीन कळतं, पण न पटणारं ऐकून घ्यायची सवय नसते.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे फोन करणारा काय बोलणार हे आधीच ठरवून टाकणं. ही मीसुद्धा केली. २०२५-२६ चा कापूस हंगाम होता. केंद्रानं ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलेलं, त्यामुळे गावोगाव डोकी तापलेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका काकांचा फोन आला. "भाऊ, हमीभाव आठ हजार एकशेदहा हाय..." एवढंच बोलले आणि मी मध्ये पडलो. "काका, ७७१० आहे. चुकीची माहिती देऊ नका." खोलीतली पोरं हसली. ते हसू प्रसारणात गेलं.

काका थांबले. मग म्हणाले, "तुमच्या घरी कापूस कोनता लावता, भाऊ?"

त्या हंगामात क्विंटलला ७७१० रुपये हा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता, ८११० लांब धाग्याचा. दोघांचंही बरोबर होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं. पुढचं त्याहून वाईट. मी धरून चाललो होतो की हे सरकारला शिव्या घालणार. ते सांगत होते भलतंच. "ओला कापूस नेला त वापस धाडतीनच ना! बारा टक्क्याच्या वर ओलावा घेतच नाही ते. वाळवून न्या ना, राजेहो." म्हणजे मी ज्यांना विरोधक समजून झापलं, ते सरकारी खरेदी केंद्राची बाजू घेत होते. नंतर बरेच आठवडे त्यांचा फोन आला नाही.

तेव्हापासून समोरचा बोलत असताना मी माझा माइक बंद ठेवतो. बोटच बटणावर असतं. त्याचं झालं की म्हणतो, "म्हणजे तुमचं म्हणणं असं असं, बरोबर ना?" तो "हो" म्हणेपर्यंत माझं मत तोंडातून निघत नाही. नवीन पोरं म्हणतात, यात वेळ जातो. कपात चहा ओतायला लागतो तेवढा जातो. ज्याला तेवढीही घाई आहे त्यानं रील बनवाव्या. हंगामाचे भाव मी पुठ्ठ्यावर लिहून समोर टांगतो, धाग्याच्या प्रकारासकट.

दुसरी चूक वरवर साधी दिसते. "पूर्ण नाव सांगा." आपल्याकडे आडनाव ऐकलं की ऐकणारा जात काढतो, जातीवरून पक्ष काढतो, आणि माणूस तोंड उघडायच्या आत त्याचं मत ठरून जातं. एकदा एका बाईंनी आडनाव सांगितलं आणि पुढचे तीन फोन त्यांच्या मुद्द्यावर नव्हतेच, आडनावावर होते. त्या बोलत होत्या बंद पडलेल्या एसटी फेरीबद्दल. आता आम्ही पहिलं नाव आणि गाव विचारतो, बस्स. कोणी आपणहून आडनाव सांगितलं तर सांगू द्यावं, पण ते पुन्हा उच्चारायचं नाही.

वऱ्हाडीला हसू नका. "मले", "तुले" म्हणणाऱ्याला शुद्ध मराठीत दुरुस्त करणारा निवेदक मी दुसऱ्या दिवशी ठेवत नाही.

दोन पक्षांचे दोन कार्यकर्ते बसवले की समतोल झाला, हा गैरसमज. दोघं आपापलं पत्रक वाचतात. अमेरिकेत दोन्ही बाजू मांडण्याचा नियम १९४९ पासून होता, १९८७ मध्ये तो गेला आणि एकतर्फी रेडिओ-गप्पा फोफावल्या. पोरं त्याच्या क्लिपा ऐकतात आणि आरडाओरड म्हणजेच कार्यक्रम समजतात. मला विचाराल तर नेत्याऐवजी वेगळ्या विदर्भावर भांडणारे दोन सख्खे भाऊ बसवा. जेवायला एकाच घरी जायचं असल्यानं ते तोंड सांभाळून बोलतात.

बाईचा फोन असेल आणि मागून नवरा उत्तरं पुरवत असेल, तर "भाऊ, तुमचाही फोन घेऊ, आधी ताईंचं होऊ द्या" एवढं पुरतं.

शिवी आली तर फोन कापा, मत आवडलं नाही म्हणून कापू नका. रेकॉर्डिंग तीन महिने ठेवा. कम्युनिटी रेडिओला तसा नियमच आहे, मी सवयीनं पाळतो. "मी असं बोललोच नाही" म्हणत कोणी दारात आलं की ऐकवता येतं. दोनदा तर मीच तसं बोललो नव्हतो असं मला वाटत होतं.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत आम्ही राजकीय भाग करतच नाही. मागच्या वेळी तो गुरुवार बैलांच्या किमतीवर काढला. त्या संध्याकाळी फोन आवरता आवरत नव्हते.